पहिला संशय कुणावर?

गेल्या पावसाळ्यात डोंबिवलीतल्या एका सोसायटीत अंगठी हरवली. चौकशी कुठून सुरू झाली? आमच्या वस्तीतून तिथे धुणीभांडी करायला जाणाऱ्या ताईपासून. तिची पिशवी झाडून पाहिली, पोलिसांत द्यायची धमकी दिली. चार दिवसांनी अंगठी त्याच घरात वॉशिंग मशीनच्या मागे सापडली. ताईचं काम सुटलं ते सुटलंच. माफी कुणी मागितली नाही.

त्यानंतर वडिलांच्या ट्रंकेतल्या रहस्यकथा मी पुन्हा काढल्या. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. धनंजय, झुंजार, काळापहाड यांनी साध्या माणसाला वाचनाची गोडी लावली. हे ऋण मान्यच आहे. त्या गोडीतूनच मी शेरलॉक होम्सपर्यंत पोचलो.

१८९० सालची 'द साइन ऑफ फोर' आता वाचताना मात्र अडखळलो. अंदमानच्या टोंगाचा माग काढताना होम्स गॅझेटियर उघडतो आणि त्यातून अख्ख्या जमातीचं क्रूर, कुरूप वर्णन वाचून दाखवतो. टोंगा शेवटी गोळी लागून मरतो. स्वतःची बाजू मांडायला त्याला एक वाक्यही मिळत नाही.

हे फक्त कथेत होतं का? १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि जन्मालाच गुन्हा ठरवलं. अण्णाभाऊ साठेंच्या 'फकिरा'त (१९५९) मांगांना द्यावी लागणारी हजेरी त्याच कायद्याची. ही कादंबरी अण्णाभाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली, ते उगाच नाही. होम्सची कथा तपास करणाऱ्याच्या बाजूने लिहिलेली आहे, 'फकिरा' ज्याच्यावर कायमचा पहारा आहे त्याच्या बाजूने. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या की चित्र पुरं होतं. १९५२ साली तो कायदा गेला. नजर गेली नाही. ती सोसायटीच्या गेटवर उभी आहे.

काही मित्र म्हणतात, करमणुकीत जात कशाला आणता? बाबांनो, आम्ही आणत नाही. ती आधीपासून तिथे बसलेली आहे, आम्ही फक्त बोट दाखवतो.

म्हणून रहस्यकथा फेकून द्यायच्या का? मुळीच नाही. पुराव्याशिवाय कुणाला दोषी धरू नये, ही त्यांची शिकवण आपलीच आहे. तथागतांनी कालामांना सांगितलं, ऐकीव आहे, परंपरेने आलं आहे किंवा ग्रंथात आहे म्हणून मानू नका. गॅझेटियर हाही ग्रंथच. म्हणजे टोंगाच्या बाबतीत होम्स स्वतःच्याच कसोटीला उतरत नाही.

आमच्या अभ्यासिकेतल्या मुलांना मी या कथा देतो. वाचून झाल्यावर दोनच प्रश्न विचारतो: पहिला संशय कुणावर घेतला? आणि तेव्हा हातात पुरावा काय होता?

हेच दोन प्रश्न त्या सोसायटीलाही विचारायचे आहेत.

जय भीम!