मंदीत नोकरी टिकते, पगार टिकत नाही

मंदीत बाजार ओस पडले तरी न्यायालये ओस पडत नाहीत, असे म्हटले जाते. कर्ज थकते, घर जप्त होते, कंपनी दिवाळखोरीत निघते, कामावरून काढलेला माणूस मालकावर दावा लावतो. या प्रत्येक ठिकाणी कागदपत्रे लागतात. ती तयार करणारा वकिलाचा सहायक, म्हणजे अमेरिकेतील ‘पॅरालीगल’, मंदीतही सुरक्षित असतो, हा समज त्यातूनच रूढ झाला. २००८च्या मंदीने तो अर्धाच खरा ठरविला.

पॅरालीगलकडे वकिलीची सनद नसते. कायदेशीर संशोधन, मसुदे, पुराव्यांची जुळवाजुळव ही कामे तो वकिलाच्या देखरेखीखाली करतो. अमेरिकेत अशा कामाचे शुल्क बहुधा तासावर आकारले जाते आणि सहायकाच्या तासाचा दर वकिलापेक्षा बराच कमी असतो. साहजिकच खर्चाला कात्री लावू पाहणारा पक्षकार सहायकाकडून काम करून घेण्याचा आग्रह धरील, असा तर्क होता.

प्रत्यक्षात सप्टेंबर २००८ मध्ये ‘लेहमन ब्रदर्स’ कोसळल्यावर कंपन्यांची विलीनीकरणे आणि स्थावर मालमत्तेचे व्यवहार थंडावले. मोठ्या वकिली पेढ्यांनी २००९ मध्ये वकिलांबरोबरच इतर कर्मचाऱ्यांनाही हजारोंच्या संख्येने घरी पाठविले. दिवाळखोरीची प्रकरणे वाढली खरी; पण विलीनीकरणाचे काम करणारा सहायक एका रात्रीत दिवाळखोरीचा जाणकार होत नाही. शिवाय तेथील कायद्यानुसार बहुतेक पॅरालीगल आठवड्यातील ४० तासांपलीकडच्या कामासाठी दीडपट मोबदल्यास पात्र असतात. काम आटले की ही जादा कमाई आधी जाते. नोकरी शाबूत राहूनही घरी येणारी रक्कम घटते.

पुढील आकडे अधिक बोलके आहेत. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागानुसार २००८ मध्ये या व्यवसायात २,६३,८०० जागा होत्या. २०२३ मध्ये त्या साडेतीन लाखांच्या पुढे गेल्या. मे २००८ मधील ४६,१२० डॉलर हे मध्यक वार्षिक वेतन मे २०२३ मध्ये ६०,९७० डॉलर झाले. ही वाढ सुमारे ३२ टक्के; त्याच काळातील महागाई मात्र सुमारे ४० टक्के. जागा वाढल्या, पण पगाराची खरी किंमत घटली.

या कहाणीचा एक धागा मुंबई-पुण्यापर्यंत येतो. ऑगस्ट २००८ मध्ये अमेरिकन बार असोसिएशनने योग्य देखरेखीच्या अटीवर विधी काम बाहेर सोपविण्यास हरकत नसल्याचे मत दिले. त्याआधीच मुंबईत ‘पँजिया-थ्री’ आणि मुंबई-पुण्यात ‘माइंडक्रेस्ट’ अशा कंपन्यांनी हे काम सुरू केले होते. करार तपासणे, हजारो दस्तऐवज चाळणे ही कामे येथील विधी पदवीधर करू लागले. पँजिया-थ्री २०१० मध्ये थॉमसन रॉयटर्सने विकत घेतली. तिकडची काटकसर इकडची संधी ठरली.

पण स्वस्ताई हे फार काळ टिकणारे भांडवल नव्हे. पेढीने वकिलाऐवजी पॅरालीगल निवडला आणि पॅरालीगलऐवजी मुंबईतील पदवीधर, तो एकाच हिशेबाने. आता दस्तऐवज चाळण्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्ताही करू लागली आहे. २०२३ ते २०३३ या दशकात अमेरिकेत पॅरालीगलच्या जागा जेमतेम एक टक्क्याने वाढतील, असा सांख्यिकी विभागाचा अंदाज होता. २००८ ते २०१८ या दशकासाठी याच विभागाने २८ टक्के वाढीचे भाकीत केले होते.

म्हणूनच या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तरुणाने किती जागा निघतील एवढेच विचारून भागणार नाही. आपल्या हातचे कोणते काम उद्या आणखी स्वस्तात होऊ शकेल, हेही त्याने विचारले पाहिजे. पेटंट, करविषयक कायदा, विदासंरक्षण अशा एखाद्या शाखेचे सखोल ज्ञान मिळविणाऱ्याला पगाराची बोलणी करताना काही आधार असतो. केवळ कमी दरावर उभा असलेला मात्र पुढच्या मंदीतही पहिल्याच फटक्यात सापडेल.