विश्लेषण : ज्येष्ठांना ‘ओटीपी सांगू नका’ एवढेच सांगून पुरेल का?

आई-वडील गावाकडे आणि मुले छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्यात नोकरीला, अशी घरे जाफराबाद तालुक्यात कमी नाहीत. वडिलांच्या हाती मुलाने घेऊन दिलेला स्मार्टफोन असतो. त्याच क्रमांकाशी बँक खाते, आधार, पीक विमा असे सगळे जोडलेले असते. सायबर भामट्यांपासून या ज्येष्ठांना वाचवण्यासाठी एक ठरलेला सल्ला दिला जातो : ‘ओटीपी कुणालाही सांगू नका.’ हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे.

सल्ला अपुरा का पडतो?

कारण गावातील ज्येष्ठ वर्षभर ओटीपी सांगतच असतात. पीएम किसानची ई-केवायसी, शेतकरी ओळख क्रमांक अशा कामांसाठी सेतू किंवा सीएससी केंद्रात गेले की संगणकासमोरचा मुलगा विचारतो, ‘काका, ओटीपी आला का?’ आणि काका तो मोठ्याने वाचून दाखवतात. ही सवय सरकारी व्यवस्थेनेच लावली आहे. मग ‘तुमचा हप्ता अडकला आहे, ओटीपी सांगा’ असा फोन आला, तर त्यांना त्यात वावगे वाटत नाही.

त्याऐवजी ज्येष्ठांना सहज लक्षात राहील असा प्रश्न शिकवायला हवा : ‘या कामासाठी मी गेलो होतो, की त्यांनी मला फोन केला?’ समोरून फोन आला असेल तर ओटीपी, पिन, आधार क्रमांक काहीच सांगायचे नाही. फोन ठेवायचा आणि खरेच काम असेल तर स्वतः बँकेत किंवा केंद्रात जाऊन विचारायचे. यूपीआयचा पिन पैसे पाठवण्यासाठी लागतो, पैसे येण्यासाठी कधीच लागत नाही, हेही एकदा समोर बसून दाखवावे.

ओटीपी न सांगताही पैसे जातात का?

जातात. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोली जिल्ह्यातील एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची पत्रिका आली. दिसायला ती पीडीएफ होती, प्रत्यक्षात एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल होती. ती उघडल्यावर त्यांच्या खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. असे अ‍ॅप फोनवर येणारे मेसेज परस्पर वाचू शकते, त्यामुळे ओटीपी तोंडाने सांगण्याची गरजच उरत नाही. पीएम किसान आणि आरटीओ चलनाच्या नावानेही अशा फाइल फिरतात. लग्नसराईत आलेली पत्रिका न उघडणे गावात कुणाला जमणार? म्हणून फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ आहे का ते पाहायला शिकवावे आणि फोनच्या सेटिंगमध्ये प्ले स्टोअरबाहेरची अ‍ॅप बसवण्याची परवानगी बंद ठेवावी.

‘डिजिटल अरेस्ट’मध्ये नेमके काय होते?

पोलीस, सीबीआय किंवा न्यायालयाच्या नावाने व्हिडीओ कॉल येतो. ‘तुमच्या आधारवर गुन्हा दाखल आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, घरात कुणालाही सांगू नका,’ असे धमकावले जाते. भारतीय कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची तरतूदच नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे स्पष्ट केले होते. त्याआधी जानेवारी ते एप्रिल २०२४ या चारच महिन्यांत या प्रकारात १२० कोटींहून अधिक रुपये गेल्याची केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर यंत्रणेची आकडेवारी आहे.

बळी पडणारे अडाणी असतात, हा गैरसमज आहे. वर्धमान समूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांनी वयाच्या ८२ व्या वर्षी अशाच प्रकारात ७ कोटी रुपये गमावले. त्यांना तर सर्वोच्च न्यायालयाची बनावट ऑनलाइन सुनावणी दाखवली गेली. मुंबईतील ८६ वर्षांच्या एका महिलेचे दोन महिन्यांत २० कोटींहून अधिक रुपये गेले. त्या दिवसदिवस खोलीत बसतात, चिडचिड करतात, हे आधी लक्षात आले ते घरकाम करणाऱ्या व्यक्तीच्या.

घरच्यांनी काय करावे?

भामट्याचे सगळे बळ ‘कुणाला सांगू नका’ या वाक्यात असते. ज्या घरात ‘तुम्हाला काही कळत नाही, कशाला हात लावला?’ असे आईला ऐकवले जाते, त्या घरात तिने काही लपवावे यासाठी भामट्याला वेगळे कष्ट पडत नाहीत. म्हणून फोन काढून घेणे हा उपाय नव्हे. ‘किती वेळा विचारलेस तरी चालेल, पण विचारल्याशिवाय पैसे पाठवू नकोस,’ हे मुलांनी आधीच सांगून ठेवावे आणि कामाच्या वेळेत तसा फोन आलाच तर तो उचलावा. जवळ राहणारा पुतण्या किंवा शेजारचा शिक्षक असा एक माणूसही ठरवून ठेवावा. बचतीचे खाते यूपीआयला न जोडता रोजच्या खर्चाचे छोटे खातेच जोडावे.

पैसे गेलेच तर?

तातडीने १९३० या क्रमांकावर फोन करावा आणि केंद्राच्या सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी गोठवता येतात, म्हणून पहिले काही तास मोलाचे. बँकेलाही लगेच कळवून पोच घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहक आणि बँक दोघांचीही चूक नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर तोटा येत नाही. ओटीपी ग्राहकानेच दिला असेल तर कळवेपर्यंतचा तोटा त्याचा, त्यानंतरचा बँकेचा. म्हणजे लाजेखातर गप्प राहिलेला प्रत्येक तास महाग पडतो. तक्रारीसाठी जालन्याला जाण्याची वाट पाहू नये, जाफराबाद पोलीस ठाण्यातही ती देता येते.

जबाबदारी फक्त कुटुंबाची आहे का?

नाही. घाबरलेले आजोबा मुदत ठेव मोडायला आले, तर ‘कुणाचा फोन आला होता का?’ एवढे बँकेच्या खिडकीवरून विचारले गेले पाहिजे. सेतू केंद्रचालकाने ओटीपी घेताना तो कशासाठी आहे, हे सांगितले पाहिजे. ज्या व्यवस्थेने ज्येष्ठांना ओटीपी वाचून दाखवायला शिकवले, तिनेच तो कधी वाचायचा नाही हेही शिकवावे.