मामीचा गाव कोणता?

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार आम्ही दोघे गेली अठरा-एकोणीस वर्षे नाशिकच्या एकाच महाविद्यालयात शिकवीत आहोत. त्याची लक्षणे आम्हांला आता झोपेतही सांगता येतील. अपरिचित स्थळ, ते पाहणारे व्यक्तिमत्त्व आणि त्या दोहोंच्या भेटीतून येणारा नवा अनुभव. विद्यार्थी ही लक्षणे उतरवून घेतात, आम्ही उत्तरपत्रिकांत ती शोधतो आणि गुण देतो. या व्याख्येच्या जाळीतून आपल्याकडचा सर्वांत रुळलेला प्रवास गळून पडतो, हे मात्र आमच्या फार उशिरा लक्षात आले. तो प्रवास म्हणजे उन्हाळ्याच्या सुट्टीत नातेवाइकांकडे जाणे. प्राथमिक शाळेत तो निबंधाचा विषय असतो. पदव्युत्तर वर्गात येईपर्यंत त्याचे नावही उरत नाही. मे महिन्यात आम्ही असाच एक प्रवास केला आणि हे गळणे निव्वळ अनवधान नव्हे, अशी आमची खात्री झाली. त्यासंबंधी हे टिपण.

मराठी प्रवासवर्णनाचा प्रारंभ शिकवताना आपण गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'पाशी येतोच. चिंतामणराव वैद्यांनी संपादित केलेले हे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झाले. सत्तावनच्या उठावाचा प्रत्यक्षदर्शी वृत्तान्त म्हणून त्याचे महत्त्व आपण सांगतो, आणि ते रास्तच आहे. परंतु भटजी वरसईहून निघाले ते उठाव पाहायला नव्हे. घरावर कर्ज होते, उत्तरेत दक्षिणा मिळेल अशी वार्ता होती, आणि ते निघाले तेही काकांसोबत. वाटेत द्रव्य लुटले गेले. तरीही गंगेचे पाणी घेऊन ते घरी परतले आणि आईवडिलांना त्यांनी गंगास्नान घडवले. या प्रवासाची दोन्ही टोके घरात बांधलेली आहेत. आपण शिकवतो तो मधला भाग.

पुढे स्वातंत्र्योत्तर काळात मराठी लेखक परदेशी जाऊ लागला. गंगाधर गाडगीळांचे 'साता समुद्रापलीकडे' आले, १९६० साली पु. ल. देशपांड्यांचे 'अपूर्वाई' आले. 'अपूर्वाई' हे नावच बोलके आहे. जे पूर्वी घडले नाही त्याचे कौतुक. या पुस्तकांनी आम्हांला वाचनाची गोडी लावली. त्यांच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. तक्रार आहे ती आम्हां शिक्षकांविषयी. आम्ही अपूर्वाई हा एका पुस्तकाचा गुण न मानता साऱ्या प्रकाराची अट करून टाकली. ज्या गावी आपण दरवर्षी जातो, जिथले दार कोणत्या बाजूला उघडते हे ठाऊक आहे, तिथे जाणे मग प्रवास उरत नाही.

वास्तविक याच ओळखीच्या वाटेवर मराठीत विपुल रचना झालेली आहे. ती बायकांची आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवॅं यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. माहेरची वाट, न्यायला येणारा भाऊ, त्याची वाट पाहणे, हा ओवीचा जुना आणि हक्काचा विषय. बहिणाबाईंचे माहेर असोदे आणि सासर जळगाव. दोहोंतील अंतर काही किलोमीटरांचे. तेवढ्या वाटेने त्यांच्या कवितेला किती दिले, हे 'बहिणाबाईची गाणी' वाचणाऱ्यास सांगावयास नको. पण या रचना आपण लोकसाहित्याच्या किंवा कवितेच्या पत्रिकेत ठेवतो. समुद्र ओलांडणाऱ्याचा प्रवास आणि पायवाट तुडवणारीची भावना, अशी ही वाटणी आहे. तिच्यात वाङ्मयीन निकष किती आणि सवय किती, हे तपासायला हवे.

आता आमच्या मे महिन्याकडे वळतो.

प्रवासाच्या पंधरवडाभर आधी मुलांच्या हट्टापायी आम्ही नाशिकजवळच्या एका कृषिपर्यटन केंद्रात एक दिवस घालवला. नाशिक आता द्राक्षमळे, वाइनरी आणि धरणाकाठचे तंबू यांमुळे इतरांच्या सहलीचे ठिकाण झाले आहे. नाशिककरांच्या मुलांनाही त्याचा मोह पडावा यात नवल नाही. राज्य सरकारने २०२० साली कृषिपर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून अशा केंद्रांना सरकारी मान्यतेची वाटही मिळाली आहे. तिथे बैलगाडी होती, कुंभाराचे चाक होते, दोरीवरून घसरत जाण्याचा खेळ होता. 'ॲक्टिव्हिटी' या शब्दाखाली हे सारे एका फलकावर लिहिलेले होते. त्या यादीत 'चुलीवर भाकरी थापणे' हेही होते. आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो. जे आपल्याला आत्यांकडे आणि मामांकडे फुकट मिळाले ते आता तिकीट लावून विकले जात आहे, या वाक्याचा सुबक लेख तिथल्या तिथे मनात तयार झाला. तो लिहिला नाही हे बरे झाले.

भाकरी शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या होत्या. आमच्या मुलीच्या हातून पीठ फाटले तेव्हा त्यांनी न रागावता पुन्हा उंडा करून दिला. जेवणानंतर मुलीने त्यांना, आपण संध्याकाळी पुन्हा भाकरी करू या का, असे विचारले. त्या म्हणाल्या, "नाही बाळा, तीनला माझी सुट्टी होते." तीन वाजता त्या खरोखरच हात धुऊन, पिशवी घेऊन निघून गेल्या. त्या वाक्याचे महत्त्व आम्हांला तेव्हा कळले नाही.

नंतर आम्ही निघालो ते प्रथम मेहकर तालुक्यात. आमच्यापैकी एकाच्या आत्या तिथे राहतात. पूर्वी हा एस.टी.चा दिवसभराचा प्रवास होता. छत्रपती संभाजीनगर, जालना, सिंदखेडराजा. प्रत्येक स्थानकावर गाडी बदलण्याची धास्ती, रसवंतीच्या घुंगरांचा आवाज, शेजारच्या प्रवाशाने केलेली कुळाची चौकशी. आता सिन्नरजवळून समृद्धी महामार्गावर चढलो की चार-साडेचार तासांत मेहकर येते. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा अखेरचा जून २०२५ मध्ये. ७०१ किलोमीटरांच्या या रस्त्याला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे. गावे दिसतात, पण वाटेत लागत नाहीत. दुचाकीला त्यावर प्रवेश नाही. म्हणजे ज्याच्यापाशी फक्त मोटारसायकल आहे त्या भाच्याने जुन्याच रस्त्याने यावे. रस्ता सोयीचा आहे, आम्ही त्याचा लाभ घेतला. त्याने प्रवासातून मधली माणसे काढून टाकली आणि दोन टोके तेवढी ठेवली, एवढी नोंद साहित्याच्या विद्यार्थ्याने करून ठेवावी.

आत्यांनी आमच्या येण्याचा हिशेब धरून तीन दिवस आधी गहू भिजत घातला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे गच्चीवर कुरडया. शिजलेला चीक गरम असतानाच सोऱ्यात भरावा लागतो आणि ऊन चढण्याआधी घालून संपवावा लागतो. आत्यांचे खांदे आता दाब देऊ शकत नाहीत. मुलांच्या हाती सोऱ्या आला तो हौस म्हणून नव्हे, गरज म्हणून. पहिल्या दहा-बारा कुरडया वेड्यावाकड्या पडल्या. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आत्या एवढेच म्हणाल्या, "ह्या वाकड्या तुमच्याच डब्यात जातील. बाकीच्या नीट घाला, लेकीच्या सासरी द्यायच्या आहेत."

केंद्रातली भाकरी आणि गच्चीवरची कुरडई यांतील फरक आम्हांला इथे उमगला. केंद्रात आमच्या मुलीची भाकरी बिघडली तरी कुणाचे काही बिघडत नव्हते. इथे बिघडत होते. नवी गोष्ट करून पाहणे आणि नवी गोष्ट करावी लागणे यांत हे अंतर आहे. नातेवाइकांकडचा अनुभव आपल्याला निवडता येत नाही. तो आपल्यावर येऊन पडतो, आणि आपल्या हातांवाचून कुणाचे तरी अडते. इतका वेळ आमचा तो मनातला सुबक लेख शाबूत होता.

मेहकरहून चिखली, बुलढाणा, राजूर घाट उतरून मलकापूर, भुसावळ, जळगाव असे करीत आम्ही अमळनेरला गेलो. साने गुरुजींचे आणि २०२४ च्या साहित्य संमेलनाचे अमळनेर; आमच्यापैकी एकीचे ते आजोळ. लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या तिथे गेल्या. ज्या विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो ती आता कोरडी आहे, हे मामांनी दाखवले. रात्री अंगणात जुन्या गोष्टी निघाल्या. एका मेमध्ये घरात एकवीस मुले होती, हे मामांनी अभिमानाने सांगितले. तेव्हा मुलीने विचारले, "मामीआजी, मग सुट्टीत तू कुठे जायचीस?"

मामी हसल्या. त्यांचे माहेर तापीपलीकडे, चोपड्याच्या बाजूला. खानदेशात आखाजीला लेकीबाळींनी माहेरी यायचे, झोके बांधायचे, गाणी म्हणायची, अशी रीत आहे. बहिणाबाईंचीही 'आखजी' नावाची कविता आहे. पण आखाजीला नणंदा इकडे माहेरी येत, मुले घेऊन येत आणि शाळा उघडेपर्यंत राहत. मग मामींनी जायचे केव्हा? लग्नानंतरची पहिली दोन वर्षे त्या आखाजीला गेल्या. पुढे लग्नकार्य किंवा दुखणेभाणे असेल तेव्हाच, आणि गेल्या सहा वर्षांत तेही नाही. हे त्यांनी कुठलाही आरोप न करता, पापडाचे पीठ किती लागले हे सांगावे तसे सांगितले.

केंद्रातल्या बाईंची तीनची सुट्टी आम्हांला तेव्हा आठवली.

ज्या सुट्टीच्या आठवणींवर आम्ही वाढलो, ज्यांच्या नावाने पर्यटनाच्या बाजारीकरणाला नाके मुरडतो, ती सुट्टी एका बाईला सुट्टी न मिळण्यावर उभी होती. माडगूळकरांच्या आगगाडीच्या बालगीतापासून शाळेतल्या निबंधापर्यंत सगळीकडे गाव मामाचा आहे. मामी तिथे आहे ती सुगरण म्हणून. तिचा गाव कोणता, हे ना त्या गीताने विचारले, ना पुढे लेखणी हाती आल्यावर आम्ही. आजोळच्या स्मरणरंजनाचे जे ललित लेखन मराठीत साठले आहे, त्यातल्या पुष्कळशा लेखनाला हाच प्रश्न विचारता येईल. ते फुकट नव्हते. त्याचे मोल आपण दिले नाही, इतकेच. त्या मानाने भाकरीचे पैसे आणि तीनची सुट्टी देणारा व्यवहार अधिक सरळ आहे, हे मान्य करताना आम्हांला थोडे अवघडले. पण ते मान्य करायलाच हवे.

यावर कुणी म्हणेल की, मग नातेवाइकांकडे जाणेच थांबवावे आणि तंबूत राहावे. तसे आम्हांला म्हणायचे नाही. कुरडयांच्या गच्चीवर आमच्या मुलांना जे मिळाले ते तिकिटात मिळत नाही, यावर आम्ही ठाम आहोत. म्हणणे एवढेच की, अशा घरी जाणाऱ्याने पाहुणा म्हणून जाऊ नये. तिथे आपले हात लागतात, हे त्या प्रवासाचे वैशिष्ट्य. मग ते हात स्वयंपाकघरातही लागावेत, आणि मुलींबरोबर मुलांचेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मामींना गाडीत बसवले आणि तापी ओलांडून त्यांच्या माहेरी नेले. अंतर तासाभराचे. माहेरवाशिणीला न्यायला भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणतात. इथे मुराळी भाची झाली. पूल आला तसे मामींनी खिडकीची काच खाली करायला सांगितली आणि दोन्ही काठांवरची गावे नावे घेऊन दाखवू लागल्या. कोणाची शेती कुठे, पूर कुठवर आला होता, पूर्वी होडी कुठून सुटे. आम्ही या भागातून कितीदा गेलो असू, पण इतके तपशील आम्हांला कधी दिसले नव्हते. वाट ओळखीची होती, सांगणारी व्यक्ती ओळखीची होती आणि वर्णन सर्वस्वी नवे होते. आमच्या व्याख्येत 'अपरिचित स्थळ' हे पहिले लक्षण आहे. ते त्या पुलावर टिकले नाही.

जूनमध्ये वर्ग सुरू होतील तेव्हा प्रवासवर्णनाच्या घटकासाठी आम्ही एक लेखन देणार आहोत. विद्यार्थ्यांनी आपल्या मामीला, काकूला किंवा आजीला तिच्या माहेरच्या वाटेविषयी विचारावे. जमल्यास तिला घेऊन त्या वाटेने जावे. आणि तिने सांगितलेला प्रवास तिच्या बोलीत लिहून आणावा. त्याला गुण प्रवासवर्णन म्हणूनच दिले जातील. इतर महाविद्यालयांतील मराठीच्या शिक्षकांनीही हे करून पाहावे, अशी विनंती आहे. गोडसे भटजींच्या प्रवासाची दोन टोके घरात होती, हे मग वर्गात वेगळे समजावून सांगण्याची गरज बहुधा पडणार नाही.

मामी माहेरी चार दिवस राहिल्या. मामांनी त्या दिवसांत स्वतः खिचडी केली, असे फोनवर कळले. ती कशी झाली, हे विचारण्याचे धाडस आम्ही केले नाही.