खाज थांबली म्हणजे आजार गेला असे नाही. स्टिरॉइडची ट्यूब लावण्याआधी हे वाचा

सोलापूर : उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे गेला की घाम आणि खाज सोलापूरकरांच्या पाठीच लागते. जांघेत, काखेत लाल चट्टा उठतो. अनेक जण थेट मेडिकलमध्ये जाऊन ‘खाजेची ट्यूब द्या’ म्हणतात. दोन दिवसांत आराम पडतो आणि त्या आरामावर विश्वास ठेवला जातो. फसगत तिथेच होते.

ट्यूब नेमके काय करते?

ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादे नाव असेल तर त्यात स्टिरॉइड आहे. ते त्वचेचा दाह दाबते. त्यामुळे लाली, सूज आणि खाज कमी होते. इसब, सोरायसिस, ॲलर्जी यांवर डॉक्टर ते विचारपूर्वक देतात आणि तिथे ते गुणकारी आहे.

गजकर्ण मात्र बुरशीमुळे होतो. स्टिरॉइडने बुरशी मरत नाही. उलट तिला रोखणारी त्वचेची ताकद कमी होते. चट्टा वरून फिका दिसतो, पण पसरत राहतो. ट्यूब बंद केली की खाज पुन्हा उसळते. चट्ट्याचे रूप बदलल्याने निदानही अवघड होते. बुरशीनाशक, अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र असलेल्या ट्यूबमध्येही हाच धोका असतो.

चेहऱ्यावर लावले तर?

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देशातील १२ केंद्रांवर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले गेले. त्यातील ४३३ जण चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत होते. गोरेपणासाठी किंवा मुरुमांवर ते महिनोन्‌महिने लावल्यास त्वचा पातळ होते, लालसर शिरा दिसू लागतात, मुरूम वाढतात आणि ऊन सहन होत नाही.

डॉक्टरांनी दिले असेल तर कसे लावावे?

- तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली मलमाची रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला ती पुरते.
- सांगितले तितक्याच वेळा, फक्त चट्ट्यावर, पातळ थर द्या.
- क्लोबेटासोलसारखे तीव्र मलम सहसा सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त लावत नाहीत.
- चेहरा, जांघ, काख आणि लहान मुलांची त्वचा नाजूक असते. तिथे स्वतःच्या मनाने लावू नका. डोळ्यांजवळ तर नकोच.
- सांगितल्याशिवाय वरून पट्टी बांधू नका.
- शेजाऱ्याची किंवा घरात उरलेली ट्यूब वापरू नका.
- बरेच दिवस वापरत असाल तर एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

नियम आहे, पण...

केंद्र सरकारने २०१८ मध्ये १४ स्टिरॉइड मलमे ‘शेड्यूल एच’मध्ये घातली. म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही काउंटरवर चिठ्ठी मागितली जातेच असे नाही. यात केवळ ग्राहकाला दोष देऊन भागणार नाही. यंत्रमागावर किंवा विडी कारखान्यात रोजंदारीवर राबणाऱ्यांसाठी ओपीडीची रांग म्हणजे बुडालेली मजुरी. त्यांना ट्यूब स्वस्त वाटते. पुढे हाच गजकर्ण घरातल्या सगळ्यांना होतो आणि महिनोन्‌महिने औषधे घ्यावी लागतात, तेव्हा ती महाग पडते.

म्हणून अन्न व औषध प्रशासनाने काउंटरवर नजर ठेवावी आणि कामगार वस्त्यांत संध्याकाळी त्वचारोग तपासणीची सोय व्हावी. तोवर सिव्हिल हॉस्पिटलचा त्वचारोग विभाग आहे. तिथे किंवा जवळच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूब सोबत न्या. काय लावले होते हे डॉक्टरांना कळले, तर निदान लवकर होते.