घरखर्चाचा ताळेबंद : सुट्टीचे सदस्यत्व विकताना

वसमतच्या एका निवृत्त एस.टी. वाहकांचे पत्र आले आहे. फंडाच्या पैशातून त्यांनी एका कंपनीचे पंचवीस वर्षांचे टाइमशेअर सदस्यत्व घेतले. दरवर्षी थंड हवेच्या ठिकाणी सात दिवस राहायचे. दोनदा गेले. आता मुलीच्या नर्सिंगची फी भरायची म्हणून ते विकायचे आहे. मुंबईहून फोन आला, ‘गिऱ्हाईक तयार आहे, फाईलचे अठरा हजार आधी भरा.’

भाऊ, ते अठरा हजार भरू नका. खरा दलाल व्यवहार झाल्यावर आपली दलाली घेतो. ज्यांनी असे पैसे भरलेच असतील त्यांनी १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब कळवावे. उशीर झाला की पैसा पुढच्या खात्यात पळतो.

आपल्याकडे स्टर्लिंग १९८६ पासून आणि महिंद्रा हॉलिडेज १९९६ पासून या धंद्यात आहे. विकणारा सांगतो, ‘ही मालमत्ता आहे.’ पण सातबारावर आपले नाव लागत नाही. मिळतो तो फक्त राहण्याचा हक्क, आणि त्याच्या मागे वार्षिक देखभाल शुल्क. गेलात तरी, न गेलात तरी. समजा शुल्क १५,००० आणि बारा वर्षे उरली आहेत. घेणाऱ्याच्या डोक्यात आधी १,८०,००० चा बोजा येतो, तोही शुल्क वाढले नाही तर! मग तो तुम्हाला मूळ किंमत कशी देईल? निम्मीही मिळणे अवघड.

परत घेण्याच्या आशेवर तर आपल्या महाराष्ट्रातच केवढा अनर्थ झाला. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्जने हॉटेलच्या रात्री विकल्या. न वापरलेल्या रात्री मुदतीनंतर कंपनीच पैसे देऊन परत घेणार, असे आमिष होते. फिरायला जायचे कोणाच्या मनात होते? एजंट म्हणजे ओळखीचाच माणूस, त्याच्या शब्दावर लोकांनी हप्ते भरले. सेबीने ही नोंदणी नसलेली सामूहिक गुंतवणूक योजना ठरवली, २०१४ साली नवे पैसे घेणे बंद केले आणि २९ फेब्रुवारी २०१६ रोजी ५१ लाखांवर लोकांचे सुमारे ७,०३५ कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला. मुदत तीन महिन्यांची होती. २०२२ साली प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेले.

आता विक्रीचे. करारात ‘हस्तांतरण’ हे कलम शोधा. इंग्रजी कळत नसेल तर कॉलेजात जाणाऱ्या पोराला वाचायला बसवा. हस्तांतरण शुल्क किती आणि थकबाकी किती, हे कंपनीकडून लेखी घ्या. कंपनीची लेखी संमती येईपर्यंत कोऱ्या कागदावर सही नको. रक्कम बँकेतूनच घ्यावी. नाव बदलल्याचे पत्र हातात आल्याशिवाय व्यवहार संपला असे धरू नका, नाहीतर शुल्काची नोटीस तुमच्याच दारात येत राहील.

विकताना कंपनीने खोटी आश्वासने दिली असतील तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात, म्हणजे हिंगोलीच्या आयोगातच करता येते. मुंबईचे खेटे नकोत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. १९१५ या ग्राहक मदत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

वाहक भाऊंनी करार, सगळ्या पावत्या आणि त्या फोनवाल्याचा नंबर एका फाईलला लावून ठेवावा. मुलीच्या फीसाठी मात्र या विक्रीवर विसंबू नये; तिच्या शिष्यवृत्तीचा अर्ज आधी भरावा.