कात्री लावण्यापूर्वी



सर्व संतांचा सण, म्हणजे १ नोव्हेंबर, जवळ आला की आपल्या घराघरांत लगबग सुरू होते. त्या दिवशी मुलांनी आपल्या आवडत्या संताचा वेष धारण करून मंदिरात यावे, ही प्रथा अलीकडे अनेक धर्मग्रामांत रुळली आहे आणि ती मला प्रिय आहे. परंतु वेष शिवण्याची आपली रीत मात्र उलटी. प्रथम बाजारातून कापड येते, मग त्याला कात्री लागते, आणि सर्वांत शेवटी, बहुधा सणाच्या आदल्या रात्री, हा संत कोण होता असा प्रश्न निघतो. त्यामुळे साटीनचा झगा आणि सोनेरी किनार ल्यालेले असिसीकर संत फ्रान्सिस वेदीपुढे उभे राहिलेले पाहण्याचा योग येतो!

संत फ्रान्सिस हे पिएत्रो बेर्नार्दोने नावाच्या कापड-व्यापाऱ्याचे पुत्र. उंची वस्त्रांत वाढलेल्या या तरुणाने १२०६ साली असिसीच्या बिशपांसमोर अंगावरची वस्त्रे उतरवून पित्याच्या स्वाधीन केली आणि बिशपांनी आपल्या झग्याने त्यांना झाकून घेतले. पुढे त्यांनी पत्करलेला अंगरखा जाड्याभरड्या लोकरीचा व ठिगळे लावलेला होता. असा एक अंगरखा असिसीत आजही जतन केलेला आहे. त्याचा आकार क्रुसासारखा असावा अशी त्यांची इच्छा होती, असे त्यांचे पहिले चरित्रकार चेलानोचे थॉमस सांगतात.

आता हीच गोष्ट शिवणकामाच्या दृष्टीने पाहा. हात पसरल्यावर क्रुसासारखा दिसणारा अंगरखा बेतायला सर्वांत सोपा आणि कापडाला सर्वांत काटकसरीचा असतो. १३० सेंटिमीटर उंचीच्या, नऊ-दहा वर्षांच्या मुलाचा हिशेब करू. खांद्यापासून घोट्यापर्यंत सुमारे १०० सेंटिमीटर भरतात. त्याची दुप्पट २००, आणि खालच्या दुमडीसाठी पुढे-मागे मिळून २०. म्हणजे ३६ इंच पन्ह्याचा मांजरपाट सव्वादोन मीटर पुरे. पन्हा ९१ सेंटिमीटरचा. त्यातून ६० सेंटिमीटर रुंदीची लांब पट्टी अंगासाठी काढून ती आडवी मधोमध दुमडावी, म्हणजे खांद्यावर शिवण लागत नाही. घडीवर गळा कापावा आणि पुढे चार बोटे चीर द्यावी. बाजूला जी ३१ सेंटिमीटरची पट्टी उरते, तिच्यातून ४५-४५ सेंटिमीटरचे दोन तुकडे काढले की दोन बाह्या झाल्या. तरीही जे उरते त्यातून डोक्यावर ओढायची टोपी निघते. कमरेला सुती दोरी, तिला तीन गाठी : दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. मुलाला वेष चढवताना या तीन गाठींचा अर्थ विचारावा. सांगता आला नाही तर दोरी बांधण्याची घाई नको.

हा हिशेब मात्र कागदावर व्हावा, कापडावर नव्हे. संताचे एखादे विश्वसनीय चित्र पुढे ठेवून वेष पुढून, मागून आणि बाजूने कसा दिसेल ते मुलाकडूनच काढून घ्यावे. चित्र वेडेवाकडे आले तरी चालते. मग जुन्या फाटक्या चादरीवर तोच बेत कापून कच्चे टाके घालावेत आणि ते अंगरखे मुलाला घालून पाहावे. त्याला गुडघे टेकता येतात काय? पायऱ्या चढताना घोळ पायांत येतो काय? दोन्ही हात वर करता येतात काय? आणि लहानग्याला एकट्याला लघवीला जाता येते काय? हसू येईल, परंतु मातांना या प्रश्नाचे महत्त्व सांगावे लागत नाही. नवे सुती कापड आधी रात्रभर भिजवून वाळवावे. न भिजवता शिवलेला अंगरखा पहिल्या धुण्यातच आखडतो.

गेल्या वर्षी एक माता मला म्हणाली, “फादर, आमचा पोरगा औंदा संत होत नाही. भाड्याला पैसे नाहीत.” शहरातून भाड्याने आणलेले चकचकीत वेष पाहून तिने तसे ठरवले होते. हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. ज्या सणात मुकुट नसलेल्या, नावही ठाऊक नसलेल्या असंख्य संतांचे आपण स्मरण करतो, त्याच सणाला पैशांवाचून एक मूल घरी बसावे काय?

त्या मुलासाठी वेष आपल्या भूमीतच तयार आहे. गोव्यातील बाणावलीचे संत जोसेफ वाझ १६८७ साली सिलोनमध्ये गेले, तेव्हा डच राज्यकर्त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना मज्जाव केलेला होता. म्हणून ते मजुराच्या वेषात उतरले आणि गळ्यात जपमाळ घालून, भिक्षा मागत, श्रद्धावंतांना शोधत दारोदार हिंडले. एक आखूड धोतर, एक जपमाळ : झाला वेष. २०२२ साली संतपदी पोहोचलेले संत देवसहायम हे तर प्रापंचिक गृहस्थ. त्यांच्यासाठी धोतर आणि काळ्या रंगवलेल्या कागदी कड्यांची साखळी एवढे पुरे.

वेषासाठी सॅक्रिस्टीतील स्टोल किंवा वेदीवरचे कापड कोणीही मागू नये. ती उपासनेची वस्त्रे आहेत. वेषधारी मुलाच्या हाती पेटती मेणबत्तीही देऊ नये. नायलॉन पेटले की वितळून कातडीला चिकटते, आणि सुती कापडही भरभर जळते.

खालची दुमड चार बोटे राखून ठेवावी. पुढल्या वर्षी ती उसवली की तोच अंगरखा पुरतो, आणि थोरल्याला अपुरा झाला की धाकट्याला किंवा शेजारच्या घरी जातो. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर शाळेच्या ओसरीवर संत फ्रान्सिस यांचा अंगरखा सर्वांसमक्ष बेतून दाखवण्यात येईल. गावातील शिंपीदादांनी यायचे कबूल केले आहे. टेप, खडू आणि कात्री तेथे असेल. जुनी चादर आणि मूल मात्र प्रत्येकाने घरून आणावे.