आधी बल्ब लावा, मग पार्ट बदला

गाडी सुरू झाली नाही की पहिला प्रश्न येतो, "कोणता पार्ट गेला?" आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या पोरांना शिकवण्यात माझी नोकरीची वर्षं गेली. हा प्रश्न दुसरा आहे, हे मी प्रत्येक बॅचला सांगत आलो. पहिला प्रश्न असा की करंट कुठपर्यंत येतो? तो जिथं थांबला तिथं दोष. तो सापडेपर्यंत दुकानात जायचं नाही.

पॉइंटच्या जुन्या गाड्यांवर हे फार चांगलं शिकता येतं, कारण त्यात सगळं डोळ्यांना दिसतं. बॅटरीतून निघालेला करंट चावीच्या स्विचमधून कॉइलमध्ये जातो आणि तिथून डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटवाटे अर्थ होतो. पॉइंट उघडले की कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं, १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट होतात आणि प्लगवर ठिणगी पडते. अमेरिकेच्या चार्ल्स केटरिंगनं १९१० च्या सुमारास ही रचना कॅडिलॅकसाठी केली आणि पुढं तीच जगभर चालली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या १०८९ सीसीच्या प्रीमिअर पद्मिनीत ती होती. १९६२ साली इंग्लंडात निघालेल्या १७९८ सीसीच्या एमजीबी या स्पोर्ट्स कारमध्येही तीच होती. ज्याला पद्मिनी कळली, त्याला एमजीबीचं बॉनेट उघडायला भिण्याचं कारण नाही.

अशी एक एमजीबी नागपूरहून माझ्याकडं आली होती, ट्रेलरवर चढवून. मालक ओळखीचे. गाडी साठच्या दशकातली, दोन सीटची, छत उघडणारी. तक्रार अशी की थंड असताना सुरू व्हायची, पण ॲक्सिलरेटर दाबला की मरायची. मग कधी लगेच पुन्हा सुरू व्हायची, कधी तासभर सेल्फ मारला तरी पकडायची नाही. एका गॅरेजनं बॅटरी, कॉइल, प्लग आणि कंडेन्सर, सगळं नवं टाकलं होतं. मालक म्हणाले, "सर, आता बदलायला काही उरलंच नाही."

आम्ही चावी फिरवली आणि आधी नुसतं ऐकलं. या गाडीचा पेट्रोल पंप विजेवर चालतो आणि मागच्या चाकाजवळ बसवलेला असतो. चावी दिली की तो टिकटिक करतो आणि कार्ब्युरेटर भरले की गप्प होतो. तो गप्प झाला, म्हणजे पेट्रोल पोचलं. सेल्फ जोरात फिरत होता, म्हणजे बॅटरीही ठीक. मग कॉइलची मधली वायर डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतून काढली आणि इन्सुलेटेड पकडीनं धरून इंजिनाच्या लोखंडापासून पाव इंचावर ठेवली. सेल्फ मारला तेव्हा ठिणगी यायची आणि मध्येच बंद पडायची. आता शोध फक्त कॉइल आणि पॉइंट यांच्यात उरला.

इथं लागतो तो इंडिकेटरचा साधा १२ व्होल्टचा बल्ब आणि त्याला जोडलेल्या दोन वायरी. एक टोक कॉइलच्या पॉइंटकडच्या टर्मिनलला, दुसरं अर्थला. सेल्फ मारताना पॉइंट बंद झाले की बल्ब विझतो, उघडले की पेटतो. तो मिचमिचत असेल तर पॉइंट काम करताहेत. सतत पेटलेला असेल तर पॉइंटचा अर्थ होत नाही. अजिबात पेटत नसेल तर मागून करंटच येत नाही, कॉइल आतून तुटली आहे किंवा पॉइंटकडची बाजू कुठंतरी कायम अर्थला टेकली आहे. त्या दिवशी बल्ब थोडा वेळ मिचमिचला आणि मग पेटलेलाच राहिला.

टोपी काढली, पॉइंट बंद अवस्थेत आणले आणि ज्या पत्र्यावर पॉइंट बसतात तो बोटानं हळूच फिरवला. एका बाजूला बल्ब विझायचा, दुसऱ्या बाजूला पेटायचा. दोष हातात आला. त्या पत्र्याला अर्थ देणारी एक छोटी, कापडी वेष्टणाची गुंफलेली वायर असते, बोटाच्या दोन पेरांएवढी. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाच्या व्हॅक्यूमनं तो पत्रा थोडा सरकतो, टायमिंग पुढं घ्यायला. वर्षानुवर्षं सरकून वायरीच्या तारा वेष्टणाच्या आत तुटल्या होत्या. बाहेरून वायर शाबूत दिसत होती. तेवढ्याच लांबीची, बारीक तारांची मऊ वायर डाख देऊन बसवली. जाड वायर चालत नाही, ती पत्र्याला अडवते.

आणखी एक गोष्ट सापडली. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं, आपल्या सवयीच्या नेमकं उलट. नवी कॉइल आपल्या पद्धतीनं लावली होती. अशी उलटी लागलेली कॉइलही ठिणगी देते, पण कमजोर. दोन वायरींची अदलाबदल केली आणि गाडी पहिल्याच सेल्फला बोलली.

त्या चार नव्या पार्टांचे पैसे मालकांनी भरले होते आणि त्यातला एकही पार्ट लागणार नव्हता. माझा राग नेमका यावर आहे. आज जुन्या गाड्यांसाठी मिळणारे पुष्कळ कंडेन्सर आणि रोटर जुन्यांपेक्षा हलके निघतात. इंजिन तापलं की नवा कंडेन्सर दगा देतो आणि गाडी वीस-पंचवीस मिनिटांनी रस्त्यात उभी राहते. नवा रोटर आतल्या रिव्हेटमधून करंट खाली सोडतो. म्हणजे एका दोषासाठी पार्ट बदलला आणि दुसरा दोष विकत घेतला. चालू अवस्थेत काढलेला जुना पार्ट कुणी फेकू नये, डिकीत ठेवावा.

भंडारा जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात स्पोर्ट्स कारचं पुराण कशाला, असं कुणी विचारेल. मोहाडीकडच्या एका शेतकऱ्याचं पेट्रोलवर चालणारं फवारणीचं यंत्र ऐन धानाच्या हंगामात बंद पडलं. प्लग बदलला, कार्ब्युरेटर बदलला, तरी सुरू होईना. "सर, काहून होत नसेल जी?" म्हणत तो आला. बंद करण्याच्या बटणाची वायर घासून उघडी पडली होती आणि लोखंडाला टेकत होती. ठिणगी तिथंच अर्थ होत होती. वायर सोडवून टेप गुंडाळला, झालं. मोटारसायकल, पंपसेट, धान कापणीचं यंत्र, सगळीकडं हाच प्रकार चालतो. मेकॅनिक अंदाजानं पार्ट टाकतो आणि अंदाज चुकल्याची किंमत गिऱ्हाईक मोजतं.

मी नव्या मेकॅनिकांना दोष देत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, मोटारसायकलींमध्येही इंजेक्शन आलं, आणि पोरं स्कॅनर शिकली. ते शिकायलाच हवं. पण स्कॅनर सांगतो तो कोड असतो. सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असं नाही, त्याच्यापर्यंत जाणारी वायर उंदरानं कुरतडली असेल. धानाचा जिल्हा आहे, कोठारं आहेत, उंदीर आहेतच. ज्यानं कधी बल्ब हातात धरून करंटचा माग काढला, तो सेन्सर बदलण्याआधी वायर तपासतो.

पेट्रोलही बदललं आहे. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ मध्ये पंपांवर यायला लागलं आणि दोन वर्षांत देशभर पोचलं. त्यातलं काही इथेनॉल आपल्यासारख्या भागात पिकणाऱ्या तांदळापासूनच बनतं, आणि शेतकऱ्याच्या मालाला गिऱ्हाईक मिळत असेल तर मला त्याचा आनंद आहे. पण जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि पंपाचे पडदे त्यासाठी बनलेले नाहीत. शिवाय असं पेट्रोल हवेतला ओलावा ओढतं. पावसाळाभर उभी राहिलेली गाडी पोळ्यानंतर सुरू होत नाही, तेव्हा ठिणगी निळी आणि कडकडीत असेल तर टाकीतलं पेट्रोल काढून टाका आणि पाइप नव्या इंधनाला चालणारे बसवा. आणि मे महिन्यात ४५ अंशांत तापलेली गाडी पुन्हा सुरू होत नसेल तर आधी पंपावर ओलं फडकं ठेवून थांबा. पाइपातल्या पेट्रोलची वाफ झालेली असते, पार्ट काही बिघडलेला नसतो.

केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम केले. २० हजार रुपये फी आणि 'व्हीए' अक्षरांचा नंबर. चांगलं केलं. पण नंबर मिळालेली गाडी सुरू कोण करणार? पॉइंटचा गॅप फीलर गेजनं लावणारे हात भंडाऱ्यात आणि तुमसरात आता म्हातारे झाले आहेत. वीस वर्षांनी ते नसतील, आणि ही गोष्ट नुसती पुस्तकातून येत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक आयटीआयनं मोटर मेकॅनिकच्या वर्कशॉपमध्ये पॉइंटची एक गाडी चालू अवस्थेत ठेवावी. शिक्षकानं सकाळी तिच्यात एक दोष लपवावा आणि पोरांनी तो बल्ब आणि मीटर घेऊन शोधावा. शोधेपर्यंत एकही पार्ट बदलायचा नाही. परीक्षेत याला गुण असावेत. गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे, वरठीला सनफ्लॅग आहे. तिथं आणि कुठल्याही गॅरेजमध्ये असं शिकलेल्या पोराची किंमत वेगळी असेल.

ज्यांच्या आवारात पद्मिनी किंवा ॲम्बेसेडर झाकून उभी आहे आणि जे ती भंगारात द्यायच्या विचारात आहेत, त्यांनी आधी जवळच्या आयटीआयच्या प्राचार्यांना एकदा विचारावं. गाडी घ्यायची त्यांची तयारी असेल तर डिस्ट्रिब्युटर काढून न घेता ती द्यावी.